आढ्यापलीकडचा साक्षीदार

"आता जे सांगतो, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," पत्रेकाकांनी खुर्चीत बसल्या बसल्या जाहीर केलं.

"बरं," सलूनवाला म्हणाला आणि त्यांच्या गालावर फेस चढवत राहिला.

"बरं काय? निदान 'असं कसं' तरी म्हण."

"तोंड हलवू नका काका, फेस नाकात जाईल."

बाकावर औषधवाला पेपर उघडून बसला होता. काकांच्याच वयाचा, शाळेपासूनचा सोबती, त्यामुळे मान वगैरे द्यायची त्याला सवय नव्हती. "पत्र्या, सांगून टाक एकदाचं," तो पेपरामागून म्हणाला. "विश्वासाचं आम्ही आमचं बघून घेऊ."

पत्रेकाकांवर विश्वास न ठेवण्याचा या सलूनला चांगला सराव होता. उभा जन्म लोकांच्या डोक्यावर छपरं घालण्यात गेलेला हा माणूस. गोदामं, गिरण्या, शाळा, कोंबड्यांची खुराडी, जिथं म्हणून पत्रा लागतो तिथं यांचा हात फिरलेला, आणि प्रत्येक छपरामागे एक गोष्ट. एकदा म्हणे गिरणीवर वावटळ आली, काकांना पत्र्यासकट उचललं आणि शाळेच्या मैदानात अलगद नेऊन ठेवलं. शाळेला सुट्टी द्यावी लागली, कारण पोरं पुन्हा वर्गात जायला तयार होईनात. एकदा गारा अशा पडल्या, की काकांनी सकाळी चढवलेला सपाट पत्रा संध्याकाळी उतरवला तेव्हा पन्हळी निघाला.

पूर्वी अशी गोष्ट संपली की सलूनमधल्या सगळ्या माना एकदम बाकाच्या डाव्या टोकाकडे वळायच्या. तिथं काकांचा जोडीदार बसलेला असायचा. बोलणं त्याच्या अगदी जिवावर यायचं. "काय हो, खरं का हे?" असं कुणी विचारलं की तो चहाचा पेला खाली ठेवायचा, जरा आठवल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "हो. मी पलीकडे होतो."

झालं. खटला निकालात.

यातली गंमत कळायला पत्रेवाल्यांचं काम कसं चालतं ते ठाऊक हवं. छपराच्या एका उतारावर एकजण पत्रा ठोकत असतो. त्याच्या कमरेला दोर बांधलेला. तो दोर आढ्यावरून, म्हणजे छपराच्या अगदी वरच्या कण्यावरून, पलीकडे उतरतो आणि पलीकडे जमिनीवर दुसराजण तो धरून उभा असतो. दोघांमध्ये अख्खं छप्पर. हातोड्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून जे काय बोलायचं ते दोरानं. एक हिसका म्हणजे ढील दे. दोन हिसके म्हणजे थांब, वारा येतोय, आडवा हो. वरच्याचं तोंड पत्र्यात असतं, त्याला काही दिसत नाही. लांबची झाडं वाकताना खालच्याला आधी दिसतात. वारा निघून गेला की एकच लांब ओढ. चल, कर सुरू.

म्हणजे साक्षीदार होता पलीकडे. आणि पलीकडे असल्यामुळेच त्यानं कधीही, काहीही पाहिलेलं नसायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण साक्ष ती साक्ष. सगळ्यांनी मिळून त्याचं नावच साक्षीदार पाडलं होतं.

गेल्या हिवाळ्यात साक्षीदाराचे दोन्ही गुडघे एकदमच रुसले. डोंगरापलीकडे राहणारी त्याची मुलगी येऊन त्याला घेऊन गेली. बाकाच्या डाव्या टोकाला आता कुणीही बसे. काकांच्या गोष्टी चालूच होत्या, पण संपल्या की त्या तिथंच पडून राहत, ओल्या छत्रीसारख्या. कुणाची मान वळत नसे. काकांचीच तेवढी वळे.

कामही तसंच. दोर धरायला माणूस नाही म्हटल्यावर छपरावर जाणं सुटलं. काका आता शिडीवर उभं राहून लोकांच्या पन्हळी साफ करत. पन्हळ साफ करायला दोर लागत नाही, आणि पन्हळीतून निघालेल्या पाल्याची गोष्टही होत नाही.

"ऐका तर," काका म्हणाले. "परवाचा तो वारा. आठवतोय ना?"

"माझी पाटी गेली त्यात," सलूनवाला म्हणाला.

"तुझी पाटी मला डोंगरावर भेटली. दाढीचा भाव विचारत होती."

औषधवाला पेपरामागे खुदकन हसला. काकांना तेवढं पुरे होतं.

*

त्या वाऱ्याच्या आदल्या संध्याकाळी काकांना फोन आला होता. साक्षीदाराच्या मुलीचा.

"काका, उद्या निघतोय आम्ही. बदलीचं बोलले होते ना मी, ती आलीच. दुपारच्या गाडीनं."

मुलीची बदली समुद्रकाठच्या कुठल्याशा शहरात झाली होती. नकाशात ते पार खालच्या कोपऱ्यात होतं, घडीवर छापलेलं, त्यामुळे नाव नीट वाचतासुद्धा येत नव्हतं.

"बाबा काय करतोय?"

"बसलेत खिडकीशी. देऊ?"

फोन दिला गेला. दोन्हीकडून कुणी बोलेना. जन्मभर दोरानं बोललेली माणसं, त्यांना फोनवर काय सुचणार! काकांना पलीकडचा श्वास ऐकू येत होता आणि त्यामागे सामान बांधल्याचा चिकटपट्टीचा आवाज.

"येतो," काका शेवटी म्हणाले.

"हं," साक्षीदार म्हणाला.

फोन ठेवून काका खुंटीपुढे जाऊन उभे राहिले. खुंटीला दोर होता. पत्रेवाल्यांत एक रीत आहे. जोडी मोडली की हातोडा वरच्याचा आणि दोर खालच्याचा. कारण वरच्याचा जीव त्या दोरात असतो, आणि जो तो सांभाळत आला त्याच्याच घरात दोरानं म्हातारं व्हावं. साक्षीदार गेला तेव्हाच काकांनी द्यायला हवा होता. "राहू दे, गुडघे बरे झाले की लागेलच," असं म्हणून त्यांनी तो टांगून ठेवला. जोडी मोडली हे आपल्या तोंडानं कशाला म्हणायचं? साक्षीदारानंही मागितला नाही. आता उद्या दुपारनंतर मात्र दोर द्यायला माणूसच उरणार नव्हता.

सकाळी काका दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून बसथांब्यावर गेले. पाऊस आडवा लागला होता. खिडकीतल्या कारकुनानं त्यांना काही विचारूच दिलं नाही.

"बस नाही. घाटातला रस्ता गेला."

"कुठं गेला?"

"खाली, काका. दरीत. तुम्ही उद्या या."

"उद्या येऊन काय करू?"

कारकुनाला वाटलं, काका थट्टा करतायत. त्यानं खिडकी ओढून घेतली.

डोंगर तिथूनच दिसायला हवा होता. दिसत नव्हता. त्याच्या जागी एक राखाडी भिंत होती आणि ती हलत होती. वर धारेवरून पलीकडे उतरणारी एक जुनी पाऊलवाट होती, रस्ता नव्हता तेव्हाची. काकांनी मनात हिशेब केला. जुन्या माणसांचा तर तो रोजचा रस्ता होता, दुपारच्या आत पलीकडे. त्यांनी रेनकोटाची टोपी हनुवटीखाली बांधली आणि निघाले.

*

"वारा कसा होता सांगू?" खुर्चीत काका म्हणाले. "खालच्या वळणावर मी शिंकलो, आणि ती शिंक मला वरच्या वळणावर भेटली. म्हणाली, किती हळू चढता!"

"आणि मिशी?" सलूनवाल्यानं वस्तरा पुसत विचारलं. "मिशी जागेवर कशी राहिली?"

"डावी उजवीकडे जाऊन बसली होती. परत येताना आणली."

आता मिशीचं सोडा, पण वारा होता. वस्तीतलं शेवटचं घर मागे पडलं तेव्हा ओसरीतल्या कुत्र्यानं काकांकडे बघितलं, भुंकावं की नाही याचा विचार केला आणि पुन्हा तोंड पोटात खुपसलं. त्यानंतर जिवंत असं काही भेटलं नाही. वाट म्हणजे ओहोळ झाली होती. पाणी वरून खाली, काका खालून वर. बुटात पाणी शिरलं, मग ते बुटातच राहायला आलं. चष्मा पुसायचा तर अंगावर कोरडं असं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी तो खिशात टाकला. तसंही बघायला काय होतं? पाच पावलांवर धुकं, त्यापुढे आणखी धुकं.

काकांनी आयुष्यभर हा डोंगर खालून पाहिला होता, तोही पत्रेवाल्याच्या नजरेनं. उतार जरा जास्तच, पत्रा घसरेल. इथं एक पन्हळ हवी, नाहीतर पाणी तुंबणार. चढतानाही तेच चाललं होतं. पहिल्यांदा ते हे सगळं मोठ्यानं बोलत होते. एवढंच काय, गारांची ती गोष्टही त्यांनी डोंगराला सांगून पाहिली. डोंगरानं ऐकून घेतली. पण विचारलं काहीच नाही. गोष्ट संपल्यावर काकांची मान सवयीनं डावीकडे वळली. तिकडे दरी होती, तीही दिसत नव्हती.

मग ते गप्पच झाले. आपल्या तोंडाशिवाय दुसरा आवाज नसला की आपलं तोंड किती पोकळ वाजतं, हे त्यांना त्या वयात कळलं. घरी निदान नळ ठिबकायचा.

*

सलूनचं दार उघडलं आणि ओल्या हवेचा झोत आत आला. चाळिशीचा एक माणूस पायपुसण्यावर बूट घासत उभा राहिला. बाहेर त्याची गाडी लागली होती, टपावर सामान बांधायच्या कड्या असलेली.

"वेळ लागेल का? नुसती दाढी."

"काकांचं तोंड बंद झालं की तुमचाच नंबर," सलूनवाला म्हणाला. "बसा. कुठून आलात?"

"पलीकडून. आज सकाळी रस्ता मोकळा केला ना, पहिलं भाडं घेऊन आलो." तो बाकाच्या डाव्या टोकाला बसला. तेवढीच जागा होती.

आरशात काकांची आणि त्याची नजरानजर झाली. काकांचा एक गाल तुळतुळीत झाला होता आणि दुसऱ्यावर फेस. पलीकडून आलेला माणूस. इथं शहाण्यानं 'झालं, एवढंच' म्हणून गोष्ट गुंडाळली असती. पण अर्ध्यावर आलेली गोष्ट सोडायची म्हणजे अर्धा ठोकलेला पत्रा वाऱ्यावर सोडून खाली उतरायचं. ते काकांनी कधी केलं नव्हतं.

"तर," ते म्हणाले, "धारेवर पोचलो."

*

डोंगराची धार म्हणजे आढंच. इकडे एक उतार, तिकडे एक उतार, मध्ये माणूस जेमतेम उभा राहील एवढा दगडांचा कणा. वाट त्या कण्यावरून बरंच अंतर जाऊन मग पलीकडे उतरत होती. इकडच्या बाजूनं वारा असा येत होता की काकांना आधी बसावं लागलं आणि मग चार पायांवर यावं लागलं.

मग त्यांच्या हातांनी एक गोष्ट केली. काकांनी नाही, हातांनीच. खांद्यावरचं वेटोळं उतरवलं, दोराचं एक टोक कमरेभोवती घेतलं आणि गाठ मारली. उंचावर वारा लागला की हात दुसरं काय करणार? दुसरं टोक धरायला कुणी नाही, हे हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते टोक वाऱ्यानं उचललं, कण्यावरून पलीकडे टाकलं, आणि ते पलीकडच्या धुक्यात उतरत गेलं.

काका रांगत पुढे निघाले. दोर पलीकडून त्यांच्याबरोबर घसरत येत होता. थोडं अंतर गेले असतील नसतील, कमरेला हिसका बसला.

आणि लगेच दुसरा.

काका आडवे झाले. विचारबिचार काही नाही, पोटावर सपाट, गाल दगडाला, दोन्ही हात पसरलेले. दोन हिसके म्हणजे थांब, वारा येतोय. आणि आला. आयुष्यात पाहिला नव्हता असा आला, त्यांच्या पाठीवरून आगगाडीसारखा गेला. रेनकोटाची टोपी घेऊन गेला. ते बसलेले किंवा रांगत असते तर त्यांनाही नेलं असतं.

मग ते लांब ओढीची वाट बघत पडून राहिले.

कारण नियम असाच होता. वरच्यानं आपल्या मनानं उठायचं नाही. त्याला वाटतं वारा गेला, पण मागून दुसरा येत असतो, आणि तो फक्त खालच्याला दिसतो. तेव्हा पडून राहायचं. पलीकडे तो उभा आहे, टाचा रुतवून, लांबच्या झाडांकडे बघत. त्याचं तो बघेल. पाणी काकांच्या कॉलरमधून शिरून पाठीवरून वाहत होतं. बोटं निळी पडली होती. दोर कमरेशी ताणलेला होता, अगदी हवा तेवढा, कमी नाही जास्त नाही. आणि घरून निघाल्यापासून, किंवा खरं म्हणजे हिवाळ्यापासून, काकांना पहिल्यांदाच बरं वाटत होतं. घाई कसली? तो आहे ना पलीकडे.

किती वेळ गेला ते कळायला सूर्य नव्हता. धुकं मात्र एकदा पांढरं झालं आणि मग पुन्हा मळकट होऊ लागलं. दुपार कलायला लागली की होतं तसं.

लांब ओढ आली नाही.

काकांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. आपणहून दोर ओढला. एकदा ओढला. उत्तर नाही. जोरात ओढला. दोर जिथल्या तिथं घट्ट. मग ते कण्यावरून पलीकडे घसरले आणि दोर हाताहातानं गुंडाळत, त्याच्या मागोमाग, धुक्यात उतरू लागले.

*

"आणि दोराच्या टोकाला," खुर्चीत काका म्हणाले आणि थांबले.

सलूनवाल्याचा वस्तरा हवेत थांबला होता. औषधवाल्यानं पेपर खाली केला. बाहेर पन्हळीतून पाणी गळत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं. टोकाला काय होतं ते काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते त्यांनी क्षणभर पुन्हा पाहिलं. मग आरशात बघून मिशीवरून हात फिरवला.

"टोकाला कोण असेल? साक्षीदार!"

"काहीतरीच," औषधवाला म्हणाला.

"दोर असा कमरेमागून घेतलेला, टाचा रुतवलेल्या, टोपीतून पाणी गळतंय. मी म्हटलं, अरे, तू इथं कसा? तर म्हणाला, बस बंद, म्हटलं तू याच वाटेनं येणार. आलो अर्ध्या वाटेवर."

"त्या गुडघ्यांनी? पत्र्या, त्याला या सलूनच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या. दोघांनी धरून आणायचो आपण!"

"चढला कुठं? वाऱ्यानं आणला. रेनकोटाची बटणं उघडली, दोन टोकं हातात धरली, आणि आला सरळ वर. गुडघ्याचा संबंधच नाही."

"वारा इकडून तिकडे होता म्हणालास ना मघाशी? मग तिकडून इकडे कसा आला?"

"तुला गोळ्यांपलीकडे काही कळतं का रे? आढ्यावर आदळला की वारा माघारी वळतो. कुठल्याही पत्रेवाल्याला विचार."

सलूनवाला हसला. बाकावरचा गाडीवाला हसला नाही. तो हातातली टोपी फिरवत काकांकडे बघत होता. काकांनी आरशातून नजर काढली आणि घोड्याला टाच मारल्यासारखी गोष्ट पुढे पिटाळली.

मग दोघं एका कपारीत बसले. साक्षीदारानं थर्मासमधून चहा ओतला, पण वाऱ्यात चहा खाली पडेचना, आडवाच निघाला. मग काका जरा पलीकडे जाऊन तोंड उघडून बसले आणि साक्षीदार इकडून ओतत राहिला. एक थेंब वाया गेला नाही. बिस्किट मात्र थर्मासइतकं आज्ञाधारक नव्हतं, ते पलीकडच्या गावात गेलं. गोष्टी झाल्या. काकांनी गारांची गोष्ट सांगितली, साक्षीदार म्हणाला, हो, मी होतो. मग काकांनी कमरेची गाठ सोडली आणि दोर त्याच्या हातात दिला. रीतीप्रमाणे. तो काय म्हणाला? तो काय म्हणणार! त्यानं दोराचं वेटोळं केलं, त्याच्या त्या पद्धतीनं, कोपरावरून, आणि खांद्यावर टाकलं. म्हणाला, बरं झालं आलास.

"एवढं बोलला?" औषधवाल्याचा आवाज जरा खाली आला होता.

"तेवढंच बोलला. मग बटणं उघडली आणि खाली गेला. गाडी पकडायची होती ना त्याला."

सलूनवाल्यानं उरलेल्या गालावरून वस्तरा फिरवला, एरवीपेक्षा हळू.

"पण मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुझ्या दाराला कुलूप होतं ते?" औषधवाल्यानं विचारलं. चिमटा काढायला नाही. खरं तर विचारल्यावर त्याला वाटलं, विचारायला नको होतं. "मी दोनदा येऊन गेलो. वाऱ्यापावसात हा गेला कुठं म्हणून."

"बसलो होतो ना गप्पा मारत," काका म्हणाले. "वेळेचं भान राहतंय होय?"

आणि गोष्ट संपली. काकांची मान आपोआप डावीकडे वळली. तिथं गाडीवाला बसला होता.

तो उठून उभा राहिला, जणू नंबर आलाय.

"काका, त्या मुलीच्या घराच्या फाटकाला काल बांधलेली दिसली ती दोरी तुमची होय?"

काकांनी गळ्याभोवतीचं फडकं सोडायला घेतलं.

"रागावू नका. पण मला राहवत नाही," गाडीवाला म्हणाला. "ते गृहस्थ डोंगरावर नव्हते. त्यांना स्टेशनवर मीच सोडलं. मुलगी गाडीत, सामान टपावर, आणि हे फाटकाशी उभे, काठीवर, डोंगराकडे तोंड करून. एवढ्या पावसात! मुलीनं छत्री धरली तर हातानं बाजूला केली, म्हणे दिसत नाही. मी हॉर्न देतोय, ती हाका मारतेय, आणि हे आपले एकच, 'येतो म्हणालाय.' दुपारची गाडी चुकली आमची त्यात, संध्याकाळची धरावी लागली. शेवटी अंधार पडायला लागला तेव्हा आम्ही दोघांनी धरून आत बसवलं. तोवर तो माणूस फाटकावरून हलला नव्हता हो. डोंगरावर कुठला असणार?"

"म्हणजे होता," काका म्हणाले. "पलीकडे होता."